डोंगरावरच्या काजूपर्यंत कच्चा रस्ता काढायचाय, रान कमी मोडेल आणि पावसात टिकेल असा कसा काढू?

सत्तरी_काजू

नमस्कार मंडळी. गोव्यात सत्तरीत, वाळपईपासून थोडं आत आमची जमीन आहे. खाली सुपारी-नारळाचं कुळागर, त्याच्या वर रान आणि त्याच्याही वर सड्याला लागून काजू. काजूपर्यंत जायला फक्त पायवाट. आजोबांच्या वेळी माणसं होती, बोंडू (काजूची फळं) डोक्यावरून खाली भट्टीवर यायचे, आता माणूस मिळत नाही आणि मिळाला तर ओझं डोक्यावर घ्यायला तयार नाही, त्यामुळे गेल्या सीझनला बिया तेवढ्या वेचून आणल्या आणि बोंडू बरेचसे झाडाखालीच कुजले. म्हणून पिकअप वरपर्यंत जाईल असा कच्चा रस्ता काढावा असं घरात चाललंय.

मॅपवर बघितलं तर कुळागरापासून काजूपर्यंत सरळ अंतर ४०० मीटर आणि चढ ६० मीटरच्या आसपास. मधे एक छोटा व्हाळ ओलांडावा लागतो, पावसात जोरात असतो, डिसेंबरनंतर कोरडा ठणठणीत. त्याच्या वरच्या अंगाला पाणी जमा करणारा डोंगर साधारण १० एकर असेल. जेसीबीवाला बघून गेला, म्हणतो दोन दिवसांचं काम, नाकासमोर वर काढतो, एका बाजूनी गटार मारतो, झालं. पण समोरच्या डोंगरावर असाच एक रस्ता आहे तो दोन पावसात व्हाळ होऊन बसलाय, मधोमध कंबरभर खोल चर आणि सगळी लाल माती खालच्या शेतात. मला तसलं काही नकोय. आमच्या रानात शेकरू आहेत, जुनी किंदळ-माट्टीची झाडं आहेत, ती राखायची आहेत.

तर चढ किती ठेवू, पाण्याचं काय करू, व्हाळावर पाइप टाकू का, आणि परवानग्या कुठल्या लागतील? बजेट बेताचं आहे, डांबर-काँक्रीटचं नाव काढू नका प्लीज 🙏

जुना_ओव्हरसियर

जेसीबीवाल्याला सध्या थांबवा. ४०० मीटरमधे ६० मीटर म्हणजे १५ टक्के चढ झाला, एवढ्या चढावर कच्चा रस्ता वाळपईच्या पावसात टिकत नाही, कुणी कितीही रोलर फिरवू दे. कच्च्या रस्त्याला ८ टक्क्यांच्या आसपास चढ बरा, अगदीच अडलं तर थोड्या लांबीत १०-१२. ८ नी हिशेब केला तर ६० मीटर चढायला ७५० मीटर रस्ता लागतो, म्हणजे डोंगराला आडवा धरत न्यायचा आणि कुठेतरी एक वळसा. लांबी वाढली म्हणून घाबरू नका, सरळ रस्त्याची दरवर्षीची डागडुजी याच्यापेक्षा महाग जाते.

मोबाइलवर चढ मोजणार असाल तर एक बघा, बहुतेक ॲप अंश दाखवतात, टक्के नाही. १० अंश म्हणजे साडेसतरा टक्के होतात, आणि १० टक्के म्हणजे जेमतेम पावणेसहा अंश. इथे भले भले फसतात. त्यापेक्षा गवंडी लेव्हलला वापरतात ती पाण्याची पारदर्शक नळी घ्या, दोन काठ्या घ्या, १० मीटरला ८० सेंटिमीटर चढ पकडत झाडांना रिबिनी बांधत जा. आधी वळसा कुठे बसतो ते शोधा, डोंगराला जिथे थोडा सपाट खांदा आहे तिथेच तो करायचा, पिकअपला ८-१० मीटर त्रिज्या मिळाली पाहिजे. वळसा आधी ठरवायचा आणि मग तिथून खाली आणि वर रेषा आखायची, खालून सुरुवात करून जिथे पोचेल तिथे वळवू असं केलं की नेमका सगळ्यात उभ्या जागी अडकता.

रुंदी १० फूट पुरे. जेसीबीवाले सवयीनी १५-१६ फूट काढतात कारण त्यांना मशीन फिरवायला सोपं पडतं. उभी कापणी धरली तरी, डोंगराचा आडवा उतार ६० टक्के असेल तर १० फुटी रस्त्याला मागे सहा फूट डोंगर कापावा लागतो आणि ५ मीटर रस्त्याला दहा फूट. कापणीची माती पण त्याच हिशेबानी वाढते आणि ती जाते खाली. समोरून गाडी आली तर थांबायला एक-दोन ठिकाणी सपाट जागा बघून बगल द्या, बाकी अरुंदच ठेवा.

आणि ते एका बाजूचं गटार विसरा. गटार म्हणजे अख्ख्या डोंगराचं पाणी एका जागी गोळा करून त्याला वेग द्यायचा धंदा. पाण्याचा वेग दुप्पट झाला की ते ढकलू शकतं त्या दगडाचं वजन ६४ पट होतं. रस्ता दरीच्या बाजूला ४ टक्के उतरता ठेवा म्हणजे पाणी जिथे पडेल तिथूनच रानात उतरेल, आणि साधारण दर ४० मीटरला एक रोलिंग डिप द्या. रोलिंग डिप म्हणजे स्पीडब्रेकर नव्हे, लांबलचक उथळ खळगी असते, पंधरा-वीस मीटरात हळूच उतरते आणि हळूच चढते, गाडीत बसलेल्याला जेमतेम कळते पण पाणी तिथून पुढे जाऊ शकत नाही. खळगीच्या बाहेरच्या तोंडाशी चार घमेली दगड पसरा.

फोंडा_वकिली

परवानग्यांचं थोडक्यात. पहिलं, जमीन म्हादई अभयारण्यात येते का ते बघा (१९९९ ला घोषित झालंय). येत असेल तर वन्यजीव कायदा १९७२ लागतो, वनखात्याशी बोलल्याशिवाय कुदळ पण लावू नका. दुसरं, खाजगी वन. १९९६ च्या सुप्रीम कोर्टाच्या आदेशानंतर उताऱ्यावर मालक कोण यानी फरक पडत नाही, रान हे रान. गोव्यात निकष असे आहेत की ५ हेक्टर सलग क्षेत्र, ७५ टक्के वनप्रजाती आणि ०.४ छत्रघनता (झाडांच्या शेंड्यांनी झाकलेली जमीन). तुमचा सर्व्हे नंबर खाजगी वनाच्या यादीत असेल तर १९८० चा वनसंवर्धन कायदा आला. तिसरं, डोंगरकापणी. नगरनियोजन कायद्याचं कलम १७ए, परवानगीशिवाय डोंगर कापणं आणि सखल भाग बुजवणं दोन्ही बंद. "शेतीचा रस्ता आहे हो" हे सांगून सुटका होत नाही. झाडं तोडायला १९८४ च्या वृक्ष कायद्याखाली वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी वेगळी.

सत्तरीत एक-चौदाच्या (जमिनीच्या) उताऱ्यावर आल्वारा, मोकासो असले जुने जमीनहक्क काय काय निघतात ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. उतारा आणि सर्व्हे प्लॅन घेऊन आधी वनखात्याच्या रेंज ऑफिसला जा, जेसीबी मग.

कुळागर_सांगे

ओव्हरसियर काकांनी बरोबर सांगितलंय, फक्त एक सगळ्यात महत्त्वाचं राहिलं. बाबा, तुझ्या कुळागराला पाणी कुठून येतं ते आधी सांग. झर आहे ना डोंगरात? बहुतेक असणारच, त्याशिवाय आपल्या पूर्वजांनी तिथे माडी (सुपारीची झाडं) लावल्याच नसत्या.

आपल्याकडच्या डोंगराला वर जांभ्याची टोपी असते, पाऊस त्यातून आत मुरतो, आणि जांभ्याखाली ती पांढरट-गुलाबी चिकण माती लागते तिथे पाणी अडतं आणि आडवं चालत डोंगराच्या कुशीतून बाहेर पडतं. ती तुझी झर. आता तुझी जमीन बघ, वर काजू, खाली कुळागर, आणि झर पडते नेमकी मधे, तिथूनच तुला रस्ता न्यायचाय. त्या मातीच्या पट्ट्यात चार-सहा फूट कापणी केली की जमिनीखालून येणारं पाणी मधेच उघडं पडतं. पावसात रस्त्यावरून वाहून जातं आणि मार्च-एप्रिलला, जेव्हा पाटाला पाणी पाहिजे तेव्हा, झर बारीक झालेली असते. वर पुन्हा ती माती ओली झाली की साबणासारखी सुटते, वरचा जांभा कितीही घट्ट दिसला तरी खालून आधार गेला की अख्खा तुकडा घेऊन खाली येतो.

म्हणून सप्टेंबर-ऑक्टोबरमधे, पाऊस ओसरल्यावर पण डोंगर अजून भरलेला असताना, स्वतः चालून बघ. कुठे पाझर आहे, कुठे नेचे दाट आहेत, कुठे खेकड्यांची बिळं आहेत, कुठे पाय रुततो. सगळीकडे खूण कर. रस्ता त्या पट्ट्याला जितक्या कमी ठिकाणी ओलांडेल तितका बरा, एकदाच ओलांडला तर उत्तम, आणि झरीच्या बरोब्बर वर तर अजिबात नको. उन्हाळ्यात आखलेली रेषा सगळी कोरडीच दिसते, जेसीबीवाला मे महिन्यात येतो त्याला काय कळणार.

आणि डिपचं पाणी कुठे सोडतोस ते पण बघ. कुळागराच्या पाटात रस्त्याचं पाणी गेलं तर गाळ बसतो, सुपारीच्या बुडाशी गाळ साचला की मुळं गुदमरतात. पाटाच्या आणि डिपच्या मधे रानाचा चांगला रुंद पट्टा सोड, पाचोळा झाडू नको, तोच गाळ अडवतो.

माट्टीच्या_सावलीत

मला आधी एक मूलभूत शंका, पिकअप अगदी काजूपर्यंत कशाला पाहिजे? वळशाच्या त्या सपाट खांद्यापर्यंत गाडी आणि तिथून वर ४-५ फुटी वाट, त्यावर पॉवर टिलरची ट्रॉली नाहीतर दुचाकीला जोडलेली गाडी. बोंडू तसे पण क्रेटमधेच न्यायचे ना? वरचा अर्धा डोंगर कापायचाच नाही मग. विचार करून बघा, खर्च पण वाचेल.

करायचाच झाला तर झाडांचं सांगते. रिबिनी बांधताना मोठी झाडं चुकवत रेषा वाकडी करा, वाकडी रेषा कच्च्या रस्त्याला चालते. फक्त खोड चुकवलं म्हणजे झाड वाचलं असं नाही, फांद्यांच्या घेराखालची मुळं जेसीबीनी तोडली की ते झाड दोन-तीन वर्षांनी वाऱ्यात आडवं होतं, आणि खालच्या बाजूच्या खोडाभोवती माती ढकलली तर ते हळूहळू मरतं. आणि वर फांद्या एकमेकांना भिडलेल्या ठेवा. शेकरू उडी मारेल एकवेळ, पण लाजवंती (स्लेंडर लोरिस, रात्री फिरणारा छोटा प्राणी) उडी मारतच नाही, ती फांदीवरून फांदीवर चालत जाते, मधे १६ फुटांची मोकळी पट्टी पडली की तिच्यासाठी रान दोन तुकडे झालं. १० फुटी रस्त्यावर फांद्या जुळलेल्या राहू शकतात.

उघडी माती ठेवलीत की पहिल्याच पावसात रानमोडीचं तण उगवणार आणि रस्त्याच्या कडेकडेनी आत घुसणार. म्हणून कापलेल्या फांद्या जाळू नका, भरावाच्या पायथ्याशी आडव्या रचून वई घाला, माती तिथेच अडते. भरावावर जूनच्या सुरवातीला वाळा लावा, वितीवितीवर, उताराला आडव्या रांगेत. मधे मधे गिरीपुष्पाच्या काठ्या, निरगुडीच्या काठ्या.

आणि वर कुठे जायफळासारख्या झाडांची, चिखलातून मुळं वर काढणारी दलदल असेल, निरंकाराच्या राईत आहे तशी, तर तिच्या आसपासचं पाणी इकडचं तिकडे करू नका. ती जागा पाण्यावरच जगते.

जुना_ओव्हरसियर

ताई, फांद्यांबद्दल मी थोडा असहमत. पूर्ण सावलीतला कच्चा रस्ता वाळतच नाही, नोव्हेंबर उजाडला तरी शेवाळ असतं. आमच्या वेळी रस्त्यावर ऊन पडलं पाहिजे म्हणून झाडं छाटायचो.

माट्टीच्या_सावलीत

तो बारमाही रस्त्याचा नियम झाला काका. यांचा काजूचा सीझन फेब्रुवारी ते मे. पावसात गाडी वर न्यायचीच नाहीये, मग नोव्हेंबरला ओला असला तर कुणाचं अडतंय? उलट ऊन पडलं की गवत आणि रानमोडी.

जुना_ओव्हरसियर

हे मात्र खरं, मान्य. मग सगळंच सोपं होतं बघा. हा फक्त उन्हाळी रस्ता धरला तर व्हाळावर पाइप पण नको.

पाइपचा हिशेब देतो. १० एकर म्हणजे ४ हेक्टर. तासाला १०० मिमीची सर आली, आपल्याकडे येते, आणि निम्मं पाणी वाहिलं असं धरलं तर व्हाळात सेकंदाला साडेपाचशे लिटर येणार. ६०० मिमीच्या ह्यूम (सिमेंटच्या) पाइपच्या तोंडाशी पाणी पाइपच्या डोक्याला टेकेपर्यंत तीनशे लिटरच्या आसपास जातं. म्हणजे ९०० मिमी पाहिजे, आणि तो पण पहिल्या पुरात फांद्या नि पाचोळ्यानी तुंबणार, कारण जुलैत वर जाऊन साफ कोण करणार? तुंबला की पाणी रस्ता पकडतं आणि रस्त्यानीच खाली पळतं, समोरच्या डोंगरावर जे झालंय म्हणता ते बहुतेक असंच झालं असणार.

त्यापेक्षा फरशी करा. व्हाळाला काटकोनात ओलांडा, दोन्हीकडून रस्ता व्हाळात उतरता आणि पलीकडे चढता ठेवा म्हणजे पूर कितीही आला तरी पाणी व्हाळातच राहतं. तळात मोठा काळा दगड बसवा, मधल्या फटी सिमेंटनी भरा (एवढं काँक्रीट चालवून घ्या 😄), खालच्या आणि वरच्या कडेला दोन-अडीच फूट खोल टाच घ्या, खालून पाणी खणत नाही मग. चिरा (जांभा दगड) नको, वाहत्या पाण्यात झिजतो. पुराची खूण झाडांवर कुठपर्यंत आहे ते बघून त्याच्या वरपर्यंत फरशी न्या.

सत्तरी_काजू

देव बरें करूं सगळ्यांचं, एवढं सविस्तर कुणी सांगेल असं वाटलं नव्हतं. झर आहे, आणि ती बरोबर पायवाटेच्या खालच्या अंगाला आहे, म्हणजे पायवाटच रुंद करायची असं आम्ही धरून चाललो होतो ते बाद. घरी सांगितलं तर बाबा म्हणाले मी पहिल्यापासून हेच सांगतोय 😅

सर्व्हे प्लॅन काढला, अभयारण्याच्या बाहेर आहे. खाजगी वनाचं रेंज ऑफिसला विचारायला सोमवारी जातोय. अर्ध्यापर्यंत पिकअप आणि वर ट्रॉलीची वाट ही कल्पना मला आवडली, भावाला नाही, बघू.

पण जेसीबीवाला दरीकडे उतार द्यायला तयारच नाही. म्हणतो भरलेली गाडी घसरून दरीत जाईल, रस्ता नेहमी डोंगराकडे उतरता ठेवायचा असतो. त्याला काय सांगू? आणि काम नक्की कधी सुरू करू?

जुना_ओव्हरसियर

४ टक्के म्हणजे १० फुटांत १२ सेंटिमीटर. कोरड्या रस्त्यावर गाडीला कळत पण नाही. ओल्या चिकण मातीवर घसरेल हे त्याचं खरं आहे, पण ओल्यात गाडी न्यायचीच नाही असं आपलं ठरलंय. ज्या वळणावर दरी खोल आहे तिथे कडेला मोठे दगड मांडा, सलग बांध घालू नका, सलग बांध घातला की पाणी अडून परत रस्त्यानी धावतं. तरी ऐकत नसेल तर दुसरा जेसीबीवाला बघा आणि पैसे तासावर ठरवू नका, मीटरवर ठरवा. तासावर दिलं की तो रुंदच काढतो.

उभ्या जागी माती खाली ढकलून त्यावर अर्धा रस्ता करू देऊ नका. ५०-६० टक्क्यांच्या वर आडवा उतार असेल तर ती माती थांबतच नाही, सगळा रस्ता कापणीतच घ्या आणि माती टिप्परनी सपाट जागी नेऊन टाका.

कधी, तर पाऊस गेल्यावर लगेच. ऑक्टोबरअखेर-नोव्हेंबर. तेव्हा मातीत ओल असते, सहा-आठ इंचाच्या थरात दाबली की घट्ट बसते. मे महिन्यात कोरडी धूळ दाबायला जाल तर टँकरनी पाणी आणावं लागतं, आणि डोक्यावर पाऊस. वर चिरेखाणीवरचा चुरा ४-६ इंच टाका, तो बसतो चांगला.

कुळागर_सांगे

खाली गेटला साखळी आणि कुलूप लाव, जून ते नोव्हेंबर. हे सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कठीण काम, कारण भावकीतला कुणीतरी गणपतीत माटोळीचं (मूर्तीवर बांधतात त्या रानफळा-पानांच्या मांडवीचं) सामान आणायला बाइक घेऊन वर जाणारच. चाकांच्या दोन चाकोऱ्या पडल्या की तुझा ४ टक्के उतार संपला, पाणी चाकोरीतूनच खाली येणार. माटोळी चालत जाऊन आणा म्हणावं.

सत्तरी_काजू

हाहा, तो बाइकवाला म्हणजे आमचा भाऊच. साखळी घेतो. आता विचारतोय तर अजून एक, पहिल्या पावसात नेमकं काय बघायचं?

जुना_ओव्हरसियर

पहिल्या मोठ्या पावसात, पाऊस चालू असतानाच, छत्री आणि कुदळ घेऊन वर जा. पाणी डिपमधून बाहेर पडतंय की ओलांडून पुढे जातंय एवढं बघायचं. ओलांडत असेल तिथे बाहेरचं तोंड थोडं आणखी मोकळं करा, खळगीत गाळ बसला असेल तर उपसा. दोन डिपच्या मधे बोटभर जरी चर दिसली तर तिथे आणखी एक डिप कमी पडलाय असं समजा, तात्पुरता म्हणून कुदळीनी तिरका चर खणून पाणी बाहेर काढा, खालच्या अंगाला माती रचा आणि ऑक्टोबरला मशीननी नीट करा. फरशीच्या खालच्या टाचेशी खड्डा पडतोय का तेही बघा, पडत असेल तर डोक्याएवढे दगड टाका. कापणीच्या कपारीतून नवीन पाणी येताना दिसलं तर फोटो काढून इथे टाका, मग बघू.